पावसाळी स्थगित

१ जुलै, सकाळी ६.१०
आजपासून रजा. एकोणीस दिवस सलग. सव्वीस वर्षांच्या नोकरीत असं कधी घडलं नाही. विभागात चर्चा चालू असणार.

कारण नोंदवून ठेवतो. आमच्या बस-महामंडळाचे वेळापत्रक प्रमुख वीस तारखेला निवृत्त होत आहेत. त्यांच्या जागी मी. उपप्रमुख मी एकटाच असल्यामुळे यात शंकेला जागा नाही. अशा वेळी ऑफिसात रेंगाळणं शोभत नाही. खुर्चीभोवती घुटमळणारी माणसं मी पाहिली आहेत. आपण लांब जावं. लांब गेलं की किंमत कळते.

मागे माझा उजवा हात आहे. बारा वर्षांपूर्वी आला तेव्हा त्याला तक्त्यावर रेघ मारता येत नव्हती. मी शिकवली. काल म्हणाला, साहेब, निर्धास्त जा, खुर्चीकडे माझं लक्ष आहे.

ही म्हणाली की हळूहळू जगायचं तर घरीही जगता येतं, भाजी निवडत. तिला स्लो ट्रॅव्हल, म्हणजे सावकाश प्रवास, पुरवणीतल्या लेखासकट समजावून सांगितलं. ती भाजी निवडत होती.

१ जुलै, दुपारी ४.३५
पोहोचलो. घरापासून अडतीस किलोमीटर. लागलेला वेळ दहा तास पाच मिनिटं. स्लो ट्रॅव्हलमध्ये अंतराला महत्त्व नाही, असं त्या लेखात स्पष्ट म्हटलं आहे.

स्टँडवर मुद्दाम तीन बस सोडल्या. चौथी आपणहून भरून गेली. पाचवीत उभा राहिलो. फाट्यावर उतरून पुढे चार किलोमीटर चिखल. सुटकेसचं एक चाक वाटेत राहिलं. दुसऱ्याने नंतर सहकार्य केलं नाही.

पण गाव मनासारखं. होमस्टेच्या जाहिरातीत एकच ओळ होती: आमच्या गावात एकही गाडी येत नाही. तीच वाचून बुक केलं. अशी गावं आता उरली कुठे?

कोपऱ्यातली खोली. खाट, टेबल, बादली, खिडकी. खिडकीबाहेर पाऊस. पावसाखाली शेत असावं.

२ जुलै, सकाळी
संकल्प: घड्याळ नाही, वर्तमानपत्र नाही, ऑफिसचा विचार नाही. घड्याळ सुटकेसच्या तळाशी ठेवलं. आता साधारण ७.०४ झाले असावेत.

घरात तीन माणसं. मावशी सगळं बघतात. गाव त्यांना मावशी म्हणतं, मीही म्हणतो. त्यांचे यजमान तात्या शिंपी आहेत. पडवीत मशीन, शहरातल्या हॉस्पिटलच्या चादरी आणि उशांचे अभ्रे शिवतात. सूनबाई त्याच हॉस्पिटलात नर्स. मुलगा जहाजावर, वर्षातून एकदा येतो.

सूनबाई कधी जाते, कळत नाही. मी उठतो तेव्हा तिची चप्पल दारात नसते.

२ जुलै, संध्याकाळी ७.५०
जेवताना विषय निघाला, मी काय करतो. सांगायचं नव्हतं. साधेपणाने राहायचं ठरलं होतं. पण विचारलंच, म्हणून सांगितलं. जिल्ह्यातली एकूण एक बस माझ्या पेन्सिलीवर धावते. कोणती, कुठून, किती वाजता, सगळं या हाताने.

परिणाम खोल झाला. मावशींनी भाताचा डाव पातेल्यात तसाच ठेवला. तात्यांनी चष्मा पुसला आणि माझ्याकडे पुन्हा नीट पाहिलं. सूनबाई ताट घेऊन आत गेली, संकोचाने.

मग मावशींनी विचारलं, म्हणजे बंद करतात ते पण तुम्हीच का? म्हटलं, अर्थात. चालू कोणीही करतं. बंद करायला छाती लागते.

त्यावर कोणी काही बोललं नाही. आदर असा असतो. त्याला शब्द लागत नाहीत.

३ जुलै, सकाळी ८.४५
मावशींनी पाचला दार वाजवलं. म्हणाल्या, साहेब, खरं गाव बघायचं असेल तर सूनबाईबरोबर फाट्यापर्यंत चालून या. बाकी पाहुण्यांना आम्ही हे दाखवत नाही.

फक्त मला. एका दिवसात.

सूनबाई चपला पिशवीत घालून अनवाणी चालते. मी बूट घातले होते. ते दुसऱ्या किलोमीटरवर चिखलात राहिले आणि मी पुढे गेलो. नंतर पडलो. ती म्हणाली, काका, इथे सगळे एकदा पडतात. मी पुन्हा पडलो तेव्हा काही म्हणाली नाही.

वाटेत तिने सांगितलं की जूनमध्ये ती अकरा वेळा उशिरा पोहोचली. आठची ड्युटी. नोकरी करारावरची, महिनाअखेरीला करार वाढवायचा की नाही ते ठरणार आहे, आणि मेट्रन हजेरीवर बोट ठेवून बसली आहे. मी तिला वेळेच्या नियोजनाबद्दल थोडं मार्गदर्शन केलं. वीस मिनिटं आधी निघालीस तर? ती म्हणाली, मग पावणेपाचला निघू का? म्हटलं, बघ, तुझं तुलाच सुचलं.

मग ती झपाझप पुढे चालू लागली. विचार करत असावी.

४ जुलै
आज तात्यांचं गाठोडं फाट्यापर्यंत नेलं. चाळीस चादरी. तात्या म्हणाले, घरच्या माणसाला सांगायला लाज कसली?

घरचा माणूस. चौथ्या दिवशी. लेखात लिहिलं होतं की हे नातं जुळायला कधी कधी दोन-तीन मुक्काम लागतात.

पाठ दुखते आहे. सुखद.

५ जुलै
पुन्हा गाठोडं. यात अभ्रे होते, म्हणून हलकं असेल असं तात्या म्हणाले. नव्हतं.

परतल्यावर चहा पिताना मी सांगितलं की मुख्य गोष्ट म्हणजे इथली शांतता. एकही इंजिन ऐकू येत नाही. तात्या म्हणाले, हो ना, आम्हालाही पहिल्या दिवशी कानात दडे बसल्यासारखं झालं होतं. कुठल्या पहिल्या दिवशी, ते विचारायचं राहिलं.

६ जुलै, दुपारी १.१५
मोबाइलला रेंज फक्त शाळेच्या पायऱ्यांवर, तीही तिसऱ्या पायरीवर. ऑफिसचा विचार करायचा नाही, पण माणुसकी म्हणून उजव्या हाताला फोन केला. उचलला नाही. मेसेज आला, मीटिंगमध्ये आहे. कालचाही हाच. कामाचा माणूस. माझ्याच तालमीतला.

हिला फोन केला. विचारलं, माझ्याशिवाय घर कसं वाटतं? म्हणाली, मोठं.

७ जुलै
संध्याकाळी ओढ्यापर्यंत गेलो. गावात शिरायच्या आधी बुटका पूल आहे. पावसात तो पाण्याखाली जातो. माणसं शंभर पावलं वरच्या बाजूला टाकलेल्या लाकडी पुलावरून ये-जा करतात. बुटक्या पुलाच्या गावाकडच्या टोकाला एक खांब दिसला. खांबावर पत्रा. पत्र्यावर: मार्ग ९.

तात्यांना विचारलं. म्हणाले, मे महिन्यापर्यंत बस होती की. सकाळी सहा वीसला एक, संध्याकाळी एक. बारमाही. या जूनपासून कोणा शहाण्याने पावसाळ्यापुरती बंद केली.

मार्ग नऊचा शेवट. म्हणजे टप्पा क्रमांक चौदा.

आमच्याकडे गावांना नावं नसतात, टप्पे असतात. त्यामुळे ओळखलं नाही. फाइल मात्र चांगली आठवते. टप्पा चौदा, जून ते सप्टेंबर, लागोपाठ दोन वर्षं प्रवासी शून्य. चार-पाच नव्हे, शून्य. लाल पेन्सिलीने लिहिलं, पावसाळी स्थगित. दीड मिनिटाचं काम. त्यानंतर चहा आला होता.

निर्णय बरोबर होता. कागद बरोबर होता. गाव मात्र कागदाप्रमाणे वागलेलं दिसत नाही.

यांना कळता कामा नये. माझ्यावर जीव जडला आहे. उगाच मन दुखेल.

८ जुलै
सर्दी. संकल्प: टप्पा चौदाबद्दल कुतूहल दाखवायचं नाही.

८ जुलै, दुपारी ३.२०
सहज विचारलं. पावसाळ्यात त्या बसने कोणी जात नसेल ना? मावशी म्हणाल्या, जात नसेल कसं? पावसाळ्यात तर पायी चालणारेही बसने जायचे. तीस-तीस माणसं. दारात लटकायची.

म्हटलं, तिकीट काढायची का? मावशी म्हणाल्या, साहेब, आम्ही गरीब असू, फुकटे नाही.

तीस माणसं, आणि कागदावर शून्य. सर्दी असूनही झोप लागली नाही. दुपारची, म्हणजे.

९ जुलै, सकाळी १०.०५
शोध लावला. मीच. तात्या फक्त बोलत होते.

पावसात बस बुटका पूल ओलांडत नव्हती. अलीकडे, फाट्याच्या बाजूला, थांबायची. गावकरी लाकडी पुलावरून जाऊन तिथे चढायचे. आता तिथे आमचा टप्पा नाही. टप्पा गावात, पुलापलीकडे. कंडक्टरच्या मशीनमध्ये चिखलाचं बटण नसतं. मग तो काय करणार? पुढचा टप्पा दाबणार. पुढचा टप्पा म्हणजे फाटा. आणि फाटा हमरस्त्यावर. तिथे दिवसाला साठ बस थांबतात. तीस माणसं त्या गर्दीत मिसळून गेली.

कंडक्टर प्रामाणिक, मशीन प्रामाणिक, तक्ता प्रामाणिक. सगळ्यांनी मिळून एक गाव पुसलं.

सगळ्यांनी म्हणजे मशीन, कंडक्टर आणि तक्ता यांनी. मी शेवटी फक्त सही केली.

हा शोध कोणाला सांगू नये असं वाटलं. सांगितला. तात्यांनी तोंडातला दोरा काढला आणि म्हणाले, असं होय! मावशींनी त्यांच्याकडे पाहिलं. मग मला आणखी एक चहा मिळाला, न मागता.

१० जुलै
शाळेच्या ओसरीवर सहा-सात जणी जमल्या होत्या. मावशी पुढे. म्हणाल्या, बस परत चालू करा म्हणून अर्ज करायचा आहे. याआधी दोन केले. उत्तर आलं की प्रवासी नाहीत. आता तुमच्यासारखा लिहिणारा घरात असताना दुसऱ्याच्या दारात कशाला जायचं?

पेच. अर्ज कोणाविरुद्ध, ते मला माहीत आहे. त्यांना नाही. नकार दिला तर संशय येईल. शिवाय विषयाची इतकी जाण असलेला माणूस या पंचक्रोशीत दुसरा नाही, हेही खरं.

हो म्हटलं.

११ जुलै, संध्याकाळी ५.४०
लिहिला. चार पानं, एकटाकी. सव्वीस वर्षं मी शेरे लिहिले, अर्ज कधी लिहिला नव्हता. हात मोकळा सुटला. तिकिटाची भानगड टप्प्याटप्प्याने मांडली. सूनबाईच्या अकरा उशिरा हजेऱ्या, मेट्रनने तिला दिलेल्या मेमोवरून, तारखांसकट घातल्या. गाठोड्याचं वजन घातलं.

मग संबंधित अधिकाऱ्याकडे वळलो. ओघ असतो लिखाणाला, अडवू नये. अर्जाचा शेवट असा झाला: सदर अधिकाऱ्याने हे गाव कधी पाहिलेले नाही असे दिसते. अशा अधिकाऱ्यास मोठ्या खुर्चीत बसवण्यापूर्वी एक पावसाळा फाट्यापर्यंत चालवावे.

ओसरीवर वाचून दाखवला. शेवटचं वाक्य तात्यांनी तीनदा वाचायला लावलं. एक म्हातारी म्हणाली, कोणाचा आहे रे हा मेला, त्याला घरदार नाही का? मावशींनी तिला गप्प केलं. टाळ्या झाल्या. मी मान लववली.

११ जुलै, संध्याकाळी ७.१०
योजना. अर्ज माझ्या सुटकेसमध्ये राहील. वीस तारखेला मी प्रमुख होणार. पहिल्याच दिवशी पहिली सही या अर्जावर. मग इथे येईन, माझ्याच बसने. मावशी विचारतील, साहेब, हे तुम्ही केलंत? मी फक्त हसेन.

हसण्याचा थोडा सराव केला. आरसा लहान आहे.

१३ जुलै, सकाळी ९.१५
अर्ज सुटकेसमध्ये नाही.

मावशी म्हणाल्या, काल सूनबाईबरोबर दिला की पाठवून. तिने ड्युटी संपल्यावर ऑफिसात नेऊन दिला. पोच पण आणली. पोच दाखवली. आमचाच शिक्का. तारीख कालची.

माझी सुटकेस उघडली? मावशी म्हणाल्या, एक चाक नाही, कुलूप लागत नाही, तिला काय उघडायचं. आणि अर्ज आमचाच होता ना?

माणसं किती सहज विश्वासघात करतात. वर चहा देतात.

१३ जुलै, दुपारी
घाबरण्याचं कारण नाही. टपाल आधी उजव्या हाताकडे जातं. तो माझं अक्षर ओळखेल. बाजूला ठेवेल. अशा प्रसंगासाठीच माणूस घडवायचा असतो.

फोन केला. मीटिंगमध्ये आहे.

१५ जुलै, दुपारी १२.४०
शाळेची तिसरी पायरी. छत्रीत. त्याचा फोन आला. जसं झालं तसं लिहितो.

म्हणाला, साहेब, अर्ज आला. अक्षर बघताच ओळखलं. म्हटलं, शाब्बास, दाबलास ना? म्हणाला, कसा दाबू? पाकीट प्रमुखांनीच फोडलं. मीटिंगमध्ये मोठ्याने वाचलं. म्हणाले, तीस वर्षांत इतका मुद्देसूद अर्ज पाहिला नाही. कोणी लिहिला? मी म्हटलं, असेल गावातला कोणी जाणकार. साहेब, तुमचं नाव मी घेतलं नाही. तेवढं इमान आहे.

मग प्रमुखांनी टप्पा चौदाची फाइल मागवली. लाल शेरा कोणाचा ते पाहिलं. फाइल मिटली. मग अर्जाचं शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं आणि म्हणाले, मागणी रास्त आहे.

म्हटलं, कोणती मागणी? बसची ना?

म्हणाला, दोन्ही, साहेब.

चार्ज त्याला. वीस तारखेला, साडेनऊ वाजता. तो म्हणे नको नको म्हणत होता. पुलाअलीकडे नवा टप्पा मंजूर झाला, वीस तारखेपासून बसही चालू. आदेशावर सही त्याची, नियोजित प्रमुख म्हणून. म्हणाला, तुम्हीच शिकवलं आहे, पहिली सही लक्षात राहील अशी करावी.

छत्री उलटी झाली. वाऱ्याने.

१६ जुलै
मावशींना जाब विचारला. सगळं सांगून टाकलं. म्हटलं, ज्याच्यावर तुम्ही माझ्याकडून अर्ज लिहून घेतलात तो अधिकारी मीच आहे. आता काय वाटतं ते बोला.

मावशी शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, दुसऱ्याच दिवशी कळलं होतं, भाऊ. तुम्हीच नाही का सांगितलंत जेवताना? छाती लागते म्हणालात.

म्हणजे पहिल्यापासून ठाऊक होतं. फाट्याची फेरी, गाठोडं, ओसरी, टाळ्या. ती म्हातारी सोडून सगळ्यांना.

म्हटलं, मग तेव्हाच का बोलला नाहीत? मावशी म्हणाल्या, बोलून काय करणार होतो, पावसात हाकलून देणार होतो? आणि अर्ज आम्ही दोनदा लिहिला होता. आम्हाला बस नाही एवढंच लिहिता येत होतं. का नाही, ते आम्हाला कुठे माहीत होतं?

तात्या मशीनवरून म्हणाले, ज्याने टाका घातला त्यालाच तो कुठे उसवायचा ते ठाऊक असतं.

म्हटलं, आणि घरचा माणूस म्हणालात, ते? ते तरी खरं होतं का?

मावशींना प्रश्न कळला नाही. म्हणाल्या, पाहुण्याच्या डोक्यावर कोणी गाठोडं देतं का?

खोलीत येऊन दार लावलं. ते ओलाव्याने फुगलं आहे, पूर्ण लागत नाही.

१७ जुलै
हिला फोन केला. तिला आधीच माहीत होतं. उजव्या हाताच्या बायकोने कळवलं. दोघी एकाच भिशीत. मी तीन मिनिटं बोललो. शेवटी ही म्हणाली, जाऊ द्या, संध्याकाळी घरी तरी वेळेवर याल.

एकूण हिशेब: पत्नी, उजवा हात, प्रमुख, मावशी, तात्या, सूनबाई, सुटकेस. माझ्या बाजूने कोण, ते आठवून पाहिलं. कंडक्टर असेल, पण त्याला मी ओळखत नाही.

निर्णय: या घरात आता अन्न घेणार नाही.

१७ जुलै, दुपारी १.३०
भात टाकलाच होता म्हणाल्या. अन्नाशी वैर नाही.

१८ जुलै
निषेध म्हणून घरापर्यंत पायी जाण्याचं ठरवलं. अडतीस किलोमीटर. न सांगता निघालो. लाकडी पुलाशी सूनबाई भेटली. रात्रपाळी करून परत येत होती, डोळे लाल. म्हणाली, काका, आज इकडे कुठे? म्हटलं, पाय मोकळे करायला. ती म्हणाली, जपून, ओढा चढतोय. मग दोन पावलं जाऊन परत आली आणि म्हणाली, अर्जात माझ्या तारखा तुम्ही बरोबर लिहिल्या. मला स्वतःला नऊच तारखा आठवत होत्या.

मी छत्री दुसऱ्या हातात घेतली. रागावलेल्या माणसाने बोलू नये.

तिच्याबरोबरच परत आलो. ओढा खरंच चढत होता.

१९ जुलै, सकाळी ११.२५
मार्ग सापडला. सेवानियम मला तोंडपाठ आहेत याचा त्यांना विसर पडलेला दिसतो. नियम सतरा: ज्येष्ठ अधिकाऱ्याने चार्ज होण्यापूर्वी स्वतः हजर राहून लेखी हरकत दिल्यास नेमणूक तीस दिवस थांबते. तोवर नव्या प्रमुखाच्या सह्या निलंबित.

हरकत लिहून तयार आहे. एकच पान. उद्या सहा वीसच्या बसने निघायचं. ऑफिसचा थांबा सात बेचाळीस. साडेनऊच्या आत टेबलावर कागद.

एक बारीक मुद्दा. बसच्या आदेशावर सही त्याचीच आहे. ती निलंबित झाली की बसही थांबेल. तीस दिवस. म्हणजे करार ठरेपर्यंत सूनबाई पुन्हा फाट्यापर्यंत.

नाइलाज आहे. तत्त्वापुढे एक बस काय?

१९ जुलै, संध्याकाळी
मावशींनी बिल दिलं नाही. म्हणाल्या, पुढच्या वेळी बघू. पुढची वेळ नाही, असं कडक शब्दांत सांगणार होतो. त्या सुटकेसला सुतळी बांधत होत्या. दोन्ही हातांनी ओढून, दात लावून. अशा माणसाशी कडक बोलता येत नाही, गाठ सुटते.

हरकतीचा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, शर्टाच्या आत.

२० जुलै, सकाळी ७.१०, बसमध्ये
बस सहा वीसला आली. सहा वीसलाच. पुलाअलीकडे अख्खं गाव छत्र्या घेऊन उभं. माझ्याकडे कोणी खास पाहिलं नाही. त्या म्हातारीने तेवढं विचारलं, तो मेला सापडला का? म्हटलं, सापडला.

कंडक्टरने नवा टप्पा दाबला. मशीनने घेतला. छापलेलं तिकीट वाचलं. बरोबर होतं.

सूनबाई शेजारी बसली. तिसऱ्या वळणाला झोपली. डबा आणि चपलांची पिशवी माझ्या मांडीवर. डोकं माझ्या खांद्यावर, हरकतीच्या बाजूने. हात आखडला आहे, अक्षर वाकडं येतंय.

२० जुलै, ७.४४
ऑफिसचा थांबा गेला. उठलो असतो तर तिचं डोकं खिडकीवर आपटलं असतं. कोणीही हेच केलं असतं. हॉस्पिटलपासून ऑफिस चालत बारा मिनिटं. भरपूर वेळ आहे.

२० जुलै, ८.०५, हॉस्पिटल
तिला थांब्यावर उठवलं. भिंतीवरचं घड्याळ पाहून तिने विचारलं, हे बरोबर आहे का? मी सुटकेसची सुतळी सोडून माझं घड्याळ काढलं. बरोबर होतं. सात एक्कावन्न. म्हणाली, नऊ मिनिटं उरली, काका. यांचं काय करायचं असतं?

मग इथे बाकावर बसून तिने डबा खाल्ला. सावकाश. अर्धी पोळी मला दिली. म्हणाली, जूनपासून डबा बसून खाल्ला नव्हता. सात एकोणसाठला उठली, मेट्रनसमोरून गेली, मुद्दाम जरा हळू.

तुमचं ऑफिस मागे राहिलं ना, असं जाताना म्हणाली. म्हटलं, मला इथेच काम आहे.

२० जुलै, ८.४०
पाऊस वाढला. थांबला की निघतो.

२० जुलै, ९.०५
थांबला. पण सुतळी पुन्हा बांधायला हवी. मावशींसारखी गाठ बसत नाही.

२० जुलै, ९.१६
बारा मिनिटं चाल, दोन मिनिटं जिना. आता निघालो तर जमतं. कागद काढून पाहिला. एका कोपऱ्याला किंचित दमट आहे. असा कागद टेबलावर ठेवणं बरं दिसत नाही.

२० जुलै, ९.३१
वेळ टळली. नेमकं कशामुळे, ते सवडीने लिहीन. पावसाचा यात मोठा वाटा आहे.

बाकावर गर्दी झाली आहे. एक बाई मूल घेऊन उभी होती. म्हणाली, भाऊ, जरा सरकता का?

सरकलो.